मावळ्यांचा रंग उतरवताना

पम्या, काल अखेर तुझी ती बरणी माळ्यावरून खाली काढली. लोणच्याची जुनी काचेची बरणी, जिच्या झाकणावर तू मार्करने ‘खायचं नाही’ असं लिहून ठेवलंयस. दाजी म्हणाले, “अगं, अजून महिनाही झाला नाही त्याला जाऊन, आत्ताच कशाला हे काढून बसतेस?” मी झाकणावरची धूळ पुसत राहिले. तुझ्या दाजींना उत्तर दिलं की ते दुसरा प्रश्न विचारतात, हे तुला माहीतच आहे.

दमले आहे रे. आल्यागेल्यासमोर असं म्हणता येत नाही, म्हणून तुलाच सांगते. सगळे म्हणतात, आता जरा आराम कर, खूप केलंस भावाचं. आराम करायला आडवी होते आणि डोळा लागतोय तोच उठून बसते, तुझ्या गोळीची वेळ झाली म्हणून. चप्पल पायात घालून दोन पावलं टाकल्यावर कळतं, आता गोळी द्यायची आहे कुणाला. मग परत आडवं व्हायचाही कंटाळा येतो. स्वयंपाकघरात जाऊन उगीच ओटा पुसत बसते.

भेटायला येणारे विचारतात, प्रमोद नक्की करायचा काय? कंपनीत क्वालिटीला होता, पट्ट्यावरून येणारी प्लास्टिकची झाकणं बघून वाईट ती बाजूला काढायचा, असं सांगितलं तरी त्यांचं समाधान होत नाही. कारण त्यांची नजर शोकेसकडे असते. तिथे तुझे बोटाएवढे मावळे उभे. मग मी सांगते, की हे मुळात परदेशातले प्लास्टिकचे शिपाई. तिकडचे शौकीन लोक ते रंगवतात, कंटाळा आला की ढिगाने विकून टाकतात. आमचा पम्या ते जुने शिपाई मागवायचा, त्यांच्यावरचा रंग उतरवायचा, डोक्यावरचं शिरस्त्राण कापून पुट्टीची पगडी बसवायचा, हातातली बंदूक काढून ढाल-तलवार द्यायचा, आणि मग नव्याने रंगवायचा. दिवाळीत अर्ध्या जुईनगरच्या सोसायट्यांच्या किल्ल्यांवर याचे मावळे असायचे. ऐकणारे “अच्छा” म्हणतात आणि चहा पितात. कुणीही विचारत नाही की रंग उतरवायचा म्हणजे काय करायचा.

मलाच कुठे कळत होतं? तुझा पहिला प्रयोग आठवतो का? माझं लग्न ठरलं होतं तेव्हा, जुईनगरच्या त्या दोन खोल्यांत. भंगारवाल्याकडून तू एक मूठ शिपाई आणले होतेस, कुणीतरी घराच्या ऑइलपेंटने माखलेले. माझी नेलपॉलिश काढायची बाटली तू गुपचूप पळवलीस आणि एका वाटीत ते शिपाई बुडवून ठेवलेस. संध्याकाळी बघतो तर शिपाई कुठले, वाटीच्या तळाशी वितळलेला गोळा, त्यातून एक हात वर आलेला. तू रडायचाच बाकी होतास आणि मी पोट धरून हसत होते. आपले आबा मार्केटातल्या हमालीवरून, पाठीचा पट्टा न सोडताच आत आले, वाटीत वाकून बघितलं आणि म्हणाले, “काय रं हे, कुनाला बुडवलंस?” त्या दिवसापासून तू शिकलास, की रंग काढणारं औषध असं पाहिजे ज्याला रंग कळतो आणि प्लास्टिक कळत नाही. पुढे कितीतरी वर्षं शोधत राहिलास आणि शेवटी सापडलं काय, तर दवाखान्याच्या वासाचं ते तपकिरी जंतुनाशक, जे प्रत्येकाच्या बाथरूममध्ये असतं.

आपला वादही तेव्हाचाच. तो कधी मिटला नाही आणि आता मिटायचा नाही. मी म्हणायचे, कुणीतरी हौसेने रंगवलं असेल रे, कुठल्या लांबच्या देशात, खिडकीत बसून. तू आपला ते सगळं बुडवून धुवून टाकतोस. तुला काही वाटत नाही? तू म्हणायचास, “आक्का, थरावर थर देत गेलं ना, की खालचा चेहराच बुजतो. नाक कुठंय, डोळा कुठंय, काय कळत नाय. आधी साफ करायला लागतं.” मी म्हणायचे, असू दे बुजलेला, माणसाच्या हाताचा आहे. तू म्हणायचास, “हाताचं काय कौतुक, नीट नको का व्हायला?” आणि मी चिडून म्हणायचे, “म्हणूनच तुझं लग्न झालं नाही, सगळ्या मुली तू रिजेक्ट मालात काढल्यास.” हे मी फार वेळा म्हणाले. तू दर वेळी हसायचास.

आई गेली तेव्हा मला काही सुचत नव्हतं. तू नेरूळला आमच्याकडे येऊन मला हाताला धरून तुझ्याकडे घेऊन गेलास, जमिनीवर पेपर अंथरलास, जुना टूथब्रश हातात दिलास आणि म्हणालास, “घास. बोलू नकोस, नुसतं घास.” मी ढालींच्या खाचांमधला निळा, लाल रंग घासून काढत बसले. तू बाजूला बसून पगड्या वळत होतास. दुपारभर आपण एक शब्द बोललो नाही. उठताना मला भूक लागली होती, कितीतरी दिवसांनी. तू अंडाभुर्जी केलीस, तिखट जाळ. मी कधी तुला म्हटलं नाही, पण त्या दुपारीने मला उभं केलं. आज म्हणते.

मग तुझं दुखणं निघालं आणि तुला मी इकडे आणलं. तू यायला तयार नव्हतास. मावळ्यांचं सामान दोन खोक्यांत भरून दिलं तेव्हा रिक्षात बसलास. इथे तेच तपकिरी औषध मी फरशी पुसायच्या पाण्यात घालायचे, तुझी चादर त्यात भिजवायचे, आणि तू पलंगावरून ओरडायचास, “ए आक्का, मावळ्यांचं औषध हाय ते, फरशीवर काय ओततेस!” आपण दोघं हसायचो. पण खरं सांगू, तो वास आधी मला तुझ्या घराचा वाटायचा. नंतर तो आजाराचा झाला. आता मला तो सहन होत नाही आणि सोडवतही नाही.

सलाइनमधून जायचं ते केमोचं औषध तुझ्या बोटांवर उतरलं. आधी मुंग्या आल्या, मग बधिर झाली. कप धरलाय की नाही हे तुला बघून ठरवावं लागायचं. तरी तू खिडकीशी टेबल लावून घेतलंस आणि रंगवत राहिलास. मी लांबून बघायचे. ब्रश मावळ्याच्या गालाला लागायच्या आधी हवेतच थांबायचा, आणि मग एकदम जोरात टेकायचा. रंग किती घेतलाय हे बोटांना कळत नव्हतं, म्हणून जाड बसायचा. डोळे गालावर उतरायचे. एकाच्या दोन्ही भुवया मिळून एक झाली होती. मी म्हटलं, “हा बघ, अगदी आपला नानाकाका.” मी हसले. तू हसला नाहीस. मावळा उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवलास. हळूहळू खिडकीत सगळेच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. विचारलं तर म्हणालास, “रिजेक्ट लॉट हाय.”

शेवटचं अॅडमिट केलं तेव्हाची गोष्ट. दाजी खाली बिलाच्या रांगेत होते. तू बराच वेळ डोळे मिटून होतास, मला वाटलं झोपलास. एकदम म्हणालास, “आक्का, ते खिडकीतले सगळे बरणीत टाक.”

मी म्हटलं, “कुठले?”

“येडी होऊ नकोस. खिडकीतले. रंग काढून टाक त्यांचा. मला ते तसे मागं ठेवायचे नाहीत.”

“घरी चल आणि तूच टाक.”

“आक्का, मी काय सांगतोय...”

“मी हात लावणार नाही. तुझं काम आहे, तू कर.”

तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, “तू ना...” आणि कूस बदललीस. त्या ‘तू ना’च्या पुढे काय होतं ते आता मला कधीच कळणार नाही. मी हट्टी आहे, एवढंच असावं. कदाचित दुसरं काही असेल. मला त्या वेळी एवढंच सुचलं होतं, की तुझं काहीतरी काम घरी पडून राहिलं पाहिजे. क्वालिटीचा माणूस खराब माल तसाच टाकून जाणार नाही. तू येशील, शिव्या घालशील, बरणी मागशील. असा माझा हिशेब होता.

तू आला नाहीस.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. समोर तारेवर रांगेने बसलेले, पण एक खाली येईल तर शपथ. इथल्या कावळ्यांना काय कमी आहे, सकाळपासून हॉटेलांच्या मागे जेवून आलेले असतात, असं मी मनात म्हणत होते. पण नानाकाका साताऱ्याहून मुद्दाम आलेले, ते पुढे झाले आणि हात जोडून मोठ्याने म्हणाले, “पोरा, फ्लॅटचं सगळं नीट हुईल, काळजी करू नगंस.” कावळा हलला नाही. दाजी म्हणाले, “तुझ्या आक्काची मी काळजी घेईन.” मला हसावं की रडावं कळेना. कावळा तसाच. मग कुणी म्हणालं, देवाचं काही बोलला होता का, कुणी म्हणालं, कुलदैवताला जायचं राहिलं असेल. नानाकाका माझ्याकडे वळले. “सुमे, तुला ठावं आसंल. काय राह्यलं त्याच्या मनात? बोल की.”

मला ठाऊक होतं. तिथे उभ्या असलेल्यांमध्ये फक्त मलाच ठाऊक होतं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, पण त्या क्षणी होता, आणि होता म्हणूनच मी तोंड उघडलं नाही. बोलले असते तर तो आला असता खाली, आणि मग तुझं सगळं संपलं असतं. मी पदर तोंडावर धरून उभी राहिले. ऊन चढायला लागलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे हात-पाय धुवायला गेले. नानाकाका जाताना म्हणाले, “काहीतरी अडकलंय त्याचं.” मी मान हलवली.

तुला अडकवून ठेवलं मी. राग आला असेल तर ये, आणि नसेल आला तरी.

मग परवा तुझ्या कंपनीतला साळवी आला. चांगला माणूस आहे, तुझ्या आठवणी काढून रडला. जाताना खिडकीशी गेला, तुझे मावळे त्याने वळवून बघितले. ते डोळे गालावर आलेले, ती मिळालेली भुवई, कपाळावर ओघळलेला रंग. हळूच म्हणाला, “अरेरे. शेवटी शेवटी हात गेलाच होता ना बिचाऱ्याचा.” आणि खिशातून मोबाईल काढून, “ताई, एक फोटो घेऊ का? ग्रुपवर टाकतो. लास्ट वर्क म्हणून. सगळ्यांना वाईट वाटतंय.”

त्याने फोटो काढला सुद्धा. मी मोबाईल त्याच्या हातातून जवळजवळ ओढलाच. म्हटलं, “हे काढून टाका आधी. त्याला नाही आवडणार.” साळवी गोंधळला. “सॉरी ताई, टेन्शन नका घेऊ, डिलीट केला.” बिचारा चहाही न संपवता गेला.

तो गेल्यावर मी किती वेळ त्या खिडकीशी उभी होते. आयुष्यभर तू वाईट झाकणं बाजूला काढलीस, कारण ती तुझ्या हाताखालून गेली म्हणून कुणी नावं ठेवू नयेत. आणि मी तुझी वाईट झालेली कामं खिडकीत मांडून बसले होते, येणाऱ्या प्रत्येकाने बिचारा म्हणावं म्हणून. मला त्या मावळ्यांमध्ये तुझा हात दिसत होता. बाकीच्यांना तुझा आजार दिसत होता. तुलाही तोच दिसत असणार. त्या दुखण्यात तुझं कुणीच काही ऐकलं नव्हतं रे. जेवायचं नाही म्हणालास तर भरवलं, घरी ने म्हणालास तर सलाइन लावलं. एवढं एकच मागितलं होतंस, जे माझ्या हातात होतं.

म्हणून काल बरणी काढली. मेडिकलमधून नवी बाटली आणली, पाणी न घालता ओतली, एकेक मावळा आत सोडला आणि झाकण लावलं. नानाकाकासारखा दिसणारा सगळ्यात शेवटी सोडला. आज दुपारी जेवणं उरकून, दाजी झोपल्यावर, पेपर अंथरून बसले.

आणि चूक केली. तू शंभर वेळा सांगितलं असशील, मी हो हो केलं असेन. पहिला मावळा बाहेर काढला, रंग सुटून लोंबत होता, आणि मी सवयीने तो नळाखाली धरला. धुवायची वस्तू म्हटलं की बाईमाणसाचा हात नळाकडेच जातो. पाणी लागल्याबरोबर सगळं पांढरं झालं, आणि सुटलेला रंग एकदम चिकट होऊन परत बसला. मावळ्यावर बसला, बेसिनला बसला, माझ्या दहाही बोटांना बसला. फणस कापल्यावर हाताला चीक लागतो तसा. पुसायला गेले तर फडक्याला लागला, केस मागे सारले तर केसांना. तेव्हा तुझा आवाज आठवला, कधीतरी पाठमोरा बसून बोललेला: “पाणी एकदम शेवटी, आक्का. आधी परत औषधातच धू. पाणी लागलं की रंग सोडत नाय.”

मी बेसिनपाशीच खाली बसले आणि रडले. घाटावर रडले नव्हते, साळवीसमोर रडले नव्हते. तुझ्या भगव्या रंगाने हात बरबटलेले, डोळे पुसायचीही सोय नाही. दाजी उठून आले, त्यांनी काही विचारलं नाही. खोबरेल तेलाची बाटली आणली आणि माझी बोटं एकेक करून चोळून दिली. बराचसा गेला. नखांच्या कडेला अजून आहे.

मग तुझ्या पद्धतीने केलं. वाटीत ताजं औषध घेतलं, त्यात बुडवून ब्रशने घासलं, परत बुडवलं, परत घासलं, आणि साबणाचं पाणी एकदम शेवटी. तासामागून तास गेले. पाठ मोडली. मान वर करावी तर खिडकीतलं ऊन सरकून पलीकडच्या बिल्डिंगवर गेलेलं. मध्ये एकदा वाटलं, एक ठेवावा, नानाकाकासारखा तो एकच, कुणाला दाखवणार नाही. हातात घेऊन बसले होते. मग तुझं ‘तू ना’ आठवलं आणि त्यालाही घासला.

सगळे आता स्टीलच्या ताटात सुकत आहेत. राखाडी, कोरे. रंगाखालून नाकं निघाली आहेत, भुवया दोन-दोन आहेत, एकाच्या गालावर व्रण आहे जो मला आजवर दिसलाच नव्हता. म्हणजे तुझं खरं होतं, थराखाली चेहरा बुजतो. माझंही खरंच होतं पम्या. तुझा तो जाड रंग मला जास्त आवडत होता. हा वाद आपला असाच राहू दे.

पण काम राहिलेलं नाही. खिडकी रिकामी आहे, भिंतीकडे तोंड करून कुणी उभं नाही, कुणी येऊन तुला बिचारा म्हणेल असं या घरात आता काही नाही. इतके दिवस ते तसंच पडलेलं होतं तोवर मला वाटायचं, तुला यावंच लागेल. आता तुला यायचं कारण मीच आज माझ्या हाताने काढून टाकलं. जा तू. मी अडवत नाही.